घरातला शब्द आणि घरातले चित्र

इतरांशी चाललेले संभाषण थांबले, म्हणून मनुष्याचे बोलणे थांबत नाही. तो स्वतःशी बोलतच असतो. काम बिघडले की एक जण मनात म्हणतो, “माझ्या हातून काही धड व्हायचे नाही.” दुसरा म्हणतो, “हे चुकले खरे. पण कोठे चुकले ते पाहू.” प्रसंग एकच, चूकही एकच, परंतु पहिला तेथेच खचतो आणि दुसरा पुन्हा कामाला लागतो. हा आतला आवाज मनुष्य जन्माबरोबर घेऊन येत नाही. त्याचे पहिले धडे तो घरात गिरवतो.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. ‘विचार आणि भाषा’ या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३४ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. मूल प्रथम इतरांशी बोलावयास शिकते. मग तीन-चार वर्षांचे झाले की खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलू लागते: “आता हा ठोकळा इथे, नको, तिथे.” पुढे हे बोलणे पुटपुटण्यासारखे होते आणि शाळेत जाण्याच्या सुमारास ते आत वळून विचाराचे रूप घेते. म्हणजे मोठ्यांनी मुलाला उद्देशून उच्चारलेले शब्दच कालांतराने मुलाचे स्वतःशी बोलण्याचे शब्द होतात. आई-बाप ज्या स्वरात मुलाला चूक सांगतात, त्या स्वरात ते मूल उद्या स्वतःला चूक सांगेल.

सुरत जिल्ह्यातील पलसाण्यासारख्या ठिकाणी या गोष्टीला विशेष महत्त्व येते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील हे तालुक्याचे गाव. तालुक्यात कडोदऱ्याच्या बाजूला कापडाच्या गिरण्या आणि रंगाई-छपाईचे कारखाने आहेत, चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे आणि सभोवार उसाची शेती. भुसावळहून सुरतेस येणारी रेल्वे याच तालुक्यातून जाते. त्या वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील अनेक कुटुंबे सुरतेच्या आसमंतात आली. कोणी यंत्रमागावर स्थिरावली, तर कोणी दर हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीस येतात आणि पडावावरच्या झोपडीत चार-सहा महिने काढतात. अशा घरातील मूल घरी अहिराणी किंवा मराठी ऐकते, बाजारात गुजराती आणि कारखान्याच्या चाळीत हिंदी. शाळेत ते एखाद्या शब्दाला अडखळले की वर्ग हसतो. ऊसतोडीच्या मुलाची तर शाळाच मध्येच सुटते. बाहेर इतके ऐकून घेऊन आलेल्या मुलाला घरातही “तू ढच राहणार” असे ऐकावे लागले, तर त्याच्या आतल्या आवाजाला दुसरे शब्द मिळणार कोठून?

मनाशी कसे बोलावे, याचा विचार मराठी माणसाला नवा नाही. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. त्यांत मनाला ते सज्जन म्हणून हाक मारतात. उपदेश कठोर असला, तरी संबोधन आदराचे आहे. शिवी देऊन मन वळत नाही, हे त्यांनी जाणले होते. खानदेशातील असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरीही उभ्या पिकात पुनःपुन्हा शिरणाऱ्या गुराची उपमा देऊन त्यांनी मनाचा चंचलपणा किती अचूक वर्णिला आहे! जात्यावर बसलेली बाई आपले दुःख ओवीत घालते, तेव्हा तीही स्वतःशीच बोलत असते आणि बोलता बोलता दळण पुरे करते.

मनाला ‘तू’ म्हणून हाक मारण्याच्या या रीतीस अलीकडच्या संशोधनानेही दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील इथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कठीण प्रसंगापूर्वी ‘मी’ असे न म्हणता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांची घालमेल कमी झाली. पुढे २०१७ साली चार व सहा वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग झाला. कंटाळवाणे काम करीत असताना ज्या मुलांनी आपल्याला एखादा आवडता वीर समजून स्वतःची विचारपूस केली, ती कामाला अधिक वेळ चिकटून राहिली. मित्राला जसा धीर द्यावा तसा स्वतःला देता येणे, ही एक शिकण्याजोगी कला आहे.

तथापि, या कलेचा अर्थ गोड थापा असा नव्हे. कॅनडातील जोआन वूड यांच्या २००९ सालच्या अभ्यासात, ज्यांचा स्वतःविषयीचा आदर आधीच कमी होता अशा लोकांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ हे वाक्य मनात घोकावयास सांगितले. त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. कारण वाक्य एक सांगत होते आणि मन दुसरे. स्तुतीचेही तसेच. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली दाखवून दिले, की ‘तू हुशार आहेस’ अशी प्रशंसा ऐकलेली मुले पुढील अपयशाने लवकर खचली; ज्यांच्या परिश्रमाची प्रशंसा झाली, ती मुले टिकून राहिली. यास्तव “तू सर्वांत हुशार” यापेक्षा “हे गणित तू तीनदा करून पाहिलेस” हे वाक्य अधिक मोलाचे. कारण ते खरे आहे आणि मुलालाही ते खरे वाटते.

घरात याचे आचरण फारसे अवघड नाही. पालकांनी चुकीला नाव द्यावे, मुलाला देऊ नये. “तू वेंधळा” याऐवजी “पाणी सांडले, फडके आण” असे म्हणावे. “येत नाही” असे मूल म्हणाले, तर “अजून येत नाही” असे म्हणून त्याचे वाक्य पुरे करावे. आणि मुख्य म्हणजे स्वतःशी बोलताना सांभाळावे. सुईतला दोरा सुटला असता आई “पुन्हा ओवू” असे सहज म्हणाली, तर जवळ बसलेले मूल तेवढ्यात एक पाठ शिकून जाते. उलट पाळी संपवून आलेला बाप “आपले नशीबच फुटके” असे रोज म्हणू लागला, तर तोही पाठच होतो. दमलेल्या माणसाने दमलो म्हणावे. त्यात खोटे काही नाही. पण आजचा थकवा हा जन्माचा निकाल ठरवू नये.

शब्दाइतकाच दुसरा एक साक्षीदार आता घरोघरी आला आहे, तो म्हणजे छायाचित्र. पूर्वी वर्षा-दोन वर्षांनी मूल स्टुडिओत जाई आणि रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसे. आज मोबाईलमुळे प्रत्येक पालक छायाचित्रकार झाला आहे. घरचे आपल्याकडे कसे पाहतात, हे मूल त्या चित्रांत पाहते. ज्याचे फोटो केवळ नव्या कपड्यांत आणि बक्षिसासह घेतले जातात, त्याची समजूत होते की एरवी आपण पाहण्यासारखे नाही.

पलसाण्याजवळच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मोठमोठ्या नेत्यांनाही उभे करून टिपण्यापेक्षा ते सहज वावरत असताना टिपणे त्यांना अधिक पसंत होते. पालकांनी हाच धडा घ्यावा. “हस, इकडे बघ” असे न म्हणता, मूल चित्र काढीत असता, सायकल पुसत असता, धाकट्या भावाला भरवीत असता फोटो घ्यावा. स्वतः खाली बसून कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. वरून घेतलेल्या चित्रात मूल उगाच ठेंगणे दिसते. खोलीत अंधार असेल तर फ्लॅश लावण्यापेक्षा मुलाला दाराशी किंवा खिडकीशी बसवावे. बाजूने येणारा मऊ उजेड चेहऱ्याला उठाव देतो. भर दुपारचे ऊन टाळावे, सकाळचे किंवा सायंकाळचे निवडावे. मोबाईलवर चित्र ओढून मोठे करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे. मागे लोंबणारे दोर, भांडी, कपडे यांकडे एकवार नजर टाकावी आणि भिंग स्वच्छ रुमालाने पुसून घ्यावे.

कोणते चित्र घेऊ नये, हेही समजले पाहिजे. रडणारे, नाहणारे किंवा शिक्षा भोगणारे मूल हा करमणुकीचा विषय नव्हे. मुलाला विचारल्यावाचून त्याचा फोटो जगापुढे मांडू नये. एकदा बाहेर गेलेले चित्र परत घेता येत नाही. शिवाय कॅमेरा सतत डोळ्यापुढे धरणेही बरे नाही. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या वस्तू त्यांना केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. दोन-चार फोटो घेऊन यंत्र खिशात ठेवावे आणि खेळात सामील व्हावे.

बिऱ्हाड हलवीत राहणाऱ्या कुटुंबात शाळा बदलते, शेजार बदलतो, मोबाईल हरवतो किंवा बिघडतो. म्हणून वर्षाकाठी दहा-बारा फोटो तरी कागदावर छापून घ्यावेत, मागे गाव व साल लिहावे आणि शिधापत्रिका, जन्मदाखला यांच्याच पिशवीत ते जपावेत. अधूनमधून ते बाहेर काढून मुलाला सांगावे: “हा तू, गेल्या हंगामात. तेव्हा तुला गुजराती वाचता येत नव्हते. महिनाभर रोज दुकानांच्या पाट्या वाचीत होतास.” चित्र खरे, वाक्यही खरे. पुढे परक्या गावी एखादा कठीण दिवस आला आणि धीर द्यावयास जवळ कोणी नसले, तर त्या मुलाला स्वतःशी बोलण्यासाठी शब्द शोधावे लागणार नाहीत.