चढ किती, जोर किती?
चाकांची खुर्ची, रॅम्प आणि सोबतीचे हात

आमच्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागातर्फे दरवर्षी हिवाळ्यात रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांची एक दिवसाची सहल नेण्याचा प्रघात आहे. अहवाल वर्षातील सहल सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका मनोरंजन उद्यानात गेली होती. तेथे घडलेला एक लहानसा प्रसंग आम्हां सर्वांनाच विचार करावयास लावणारा ठरला. त्यातून निघालेली माहिती रुग्णांच्या नातेवाइकांना उपयुक्त ठरेल आणि आमच्या देणगीदारांनाही ती समजावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

पक्षाघाताने उजवी बाजू गमावलेले एक गृहस्थ चाकांच्या खुर्चीवर होते. साठीच्या घरातील त्यांच्या पत्नी खुर्ची ढकलीत होत्या. नातवंडे एका पाळण्यात बसणार होती व आजोबांनी ते जवळून पाहावे असा त्यांचा हट्ट होता. पाळण्याचा फलाट जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंच होता आणि वर जाण्यास वीस मीटर लांबीचा सलग रॅम्प होता. मध्ये थांबण्यास सपाट जागा कोठेही नव्हती. तीनचतुर्थांश चढ पार झाल्यावर बाईंचे हात थरथरू लागले, खुर्ची थबकली आणि हळूहळू मागे येऊ लागली. आमच्या एका सेवकाने धावत जाऊन आधार दिला, म्हणून अनर्थ टळला. खाली आल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, “पुन्हा नको हो. आम्ही घरीच बरे.” त्यांचे यजमान काहीच बोलले नाहीत.

“घरीच बरे” हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. महिनोन्‌महिने उपचार घेऊन रुग्ण घरी जातो. त्यानंतर त्याचे फिरणे कोठवर जाईल, हे पुष्कळदा वाटेतील एखादा चढ ठरवितो. म्हणून त्या चढाचे गणित समजून घेणे अगत्याचे वाटते.

गणित साधे आहे

रॅम्पचा चढ उंची आणि लांबी यांच्या प्रमाणात सांगतात. एक फूट उंची गाठण्यासाठी बारा फूट लांबी घेतली, तर तो १:१२ चा रॅम्प होय. रुग्णाचे वजन ७२ किलो व खुर्चीचे १८ किलो धरले, तर एकूण भार ९० किलो होतो. गुळगुळीत सपाट फरशीवर हा भार हलता ठेवण्यास एक-दीड किलो वजन पेलण्याइतकाच जोर पुरतो. चढ आला की त्यात भर पडते. १:२० च्या चढावर सुमारे साडेचार किलो, १:१२ वर साडेसात किलो, १:८ वर अकरा किलो आणि १:६ वर जवळजवळ पंधरा किलो इतका जोर जास्तीचा लागतो. शिवाय तो क्षणभरही सैल सोडता येत नाही. सपाट जागी हात काढला तर खुर्ची थांबते; चढावर हात काढला तर ती परत येते.

उद्यानातील रॅम्प १:१० चा होता. तेथे चाकांचा रोध धरून साधारण दहा-साडेदहा किलोचा जोर वीस मीटरपर्यंत अखंड लावावा लागत होता. धडधाकट तरुणास हे अवघड नाही. परंतु आपल्याकडे खुर्ची ढकलणारी व्यक्ती बहुधा रुग्णाची पत्नी, आई किंवा लेक असते, आणि तिचेच गुडघे व कंबर अनेकदा दुखत असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रॅम्प लांब असो की आखूड, ९० किलोचा भार वर नेण्याचे श्रम मूलतः तेवढेच असतात. लांब रॅम्प ते श्रम अधिक पावलांत वाटून देतो, म्हणून प्रत्येक पावलास लागणारा जोर कमी होतो. जागा वाचविण्यासाठी आखूड केलेला रॅम्प तो सगळा भार ढकलणाऱ्याच्या मनगटांवर टाकतो. उद्यानांत हे वारंवार दिसते. फलाट उंच असतात, जमीन डोंगरउताराची असते, आणि काही रॅम्प मुळात सामानाच्या हातगाड्यांसाठी बांधलेले असतात. दिसायला रॅम्पच, पण माणसासाठी नव्हे.

उतरताना अधिक सावध

चढापेक्षा उतार सोपा, असा समज आहे. तो धोक्याचा आहे. १:८ च्या सहा मीटर लांबीच्या रॅम्पवर खुर्ची हातातून सुटली, तर तळाशी पोहोचेपर्यंत तिचा वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर होतो. म्हणजे माणूस धावत सुटावा तसा. त्या वेगाने पुढची लहान चाके एखाद्या फटीत अडकली, तर रुग्ण तोंडावर फेकला जातो.

आमच्या भौतिकोपचार विभागात नातेवाइकांना शिकविल्या जाणाऱ्या गोष्टी थोडक्यात अशा :

निघण्यापूर्वी चाकांतील हवा, मुठींवरील रबर व ब्रेक तपासावेत. हवा कमी असल्यास ढकलणे जड जाते आणि टायरवर दाबून बसणारे ब्रेकही नीट पकड घेत नाहीत. मुठीचे रबर सैल असेल, तर ऐन चढावर ते हातात निघून येते.

रुग्णास पट्टा बांधावा, पाय पायटेकणावर नीट ठेवावेत, लुळा हात मांडीवर घ्यावा. साडीचा पदर, ओढणी व शाल चाकांपासून दूर असावी.

खुर्चीच्या पाठीमागे जड पिशवी टांगू नये. सर्व भार मागच्या चाकांच्या आसाकडे सरकतो आणि चढावर खुर्ची मागे कलंडण्याचा संभव वाढतो. सामान रुग्णाच्या मांडीवर किंवा आसनाखाली ठेवावे.

चढताना रुग्णाचे तोंड वरच्या दिशेला असावे. ढकलणाऱ्याने एक पाय पुढे, एक मागे ठेवून, कोपरे किंचित वाकवून, पाठीने न रेटता पायांच्या बळाने सावकाश चालावे. धावत जाऊन वेग घेऊ नये.

तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवावी. रुग्णाची पाठ व ढकलणारा दोघेही उताराच्या दिशेला येतात. ढकलणाऱ्याने मागे पाहत, लहान पावले टाकीत, खुर्चीचा भार अंगावर घेत उतरावे. असे केल्याने रुग्ण पाठीवर रेलून राहतो, पुढे घसरत नाही.

खुर्चीचे ब्रेक थांबलेली खुर्ची जागच्या जागी ठेवण्यासाठी असतात. चालत्या खुर्चीचा वेग कमी करण्यासाठी ते वापरू नयेत. एक चाक अडते आणि खुर्ची आडवी फिरते.

रॅम्पच्या मध्यावर वळू नये व नागमोडी जाऊ नये. आडव्या खुर्चीस बाजूला कलंडण्याचा धोका असतो. दमल्यास सपाट टप्प्यावर पोहोचून खुर्ची आडवी करावी, ब्रेक लावावेत आणि मगच श्वास घ्यावा. टप्पा नसलेला लांब चढ एकट्याने चढूच नये. दुसऱ्या माणसाने पुढून, खुर्चीच्या न निघणाऱ्या सांगाड्यास धरून मदत करावी. हात किंवा पायटेकण धरून ओढू नये, कारण ते निसटू शकते.

पावसाळ्यात शेवाळलेला रॅम्प हा रॅम्प नव्हेच, असे समजावे. आणि शेवटची गोष्ट : “जरा हात लावता का?” असे विचारण्यात कमीपणा नाही.

कायदा काय म्हणतो

हा केवळ सौजन्याचा विषय नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सार्वजनिक इमारतींप्रमाणेच रुग्णालयांमधील रॅम्पचाही उल्लेख होता. मात्र आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, अशी सवलत त्यात होती. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास मान्यता दिली. त्यानंतर आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याने सुगमता हा हक्क मानला. केंद्र शासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रॅम्प १:१२ पेक्षा तीव्र नसावा, दोन्ही बाजूंस कठडे असावेत व रुंदी किमान १२०० मिलिमीटर असावी. असे नियम केवळ शिफारशीवजा राहू नयेत, त्यांतील किमान मानके बंधनकारक असावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

मनोरंजन उद्यानांत हे घडविता येते, याचे उदाहरणही आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथे २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान सुरू झाले. दिव्यांग पाहुण्यांचा विचार प्रथम करून ते आखलेले आहे. खुर्चीसह चढता येणारे पाळणे तेथे आहेत आणि दिव्यांगांस प्रवेशशुल्क नाही.

आमच्या दाराशी

सहलीहून परतल्यावर उद्यानाच्या व्यवस्थापनास पत्र लिहावे, असे ठरले. पत्राचा मसुदा तयार होत असताना आमच्या भौतिकोपचार तज्ज्ञांनी सुचविले की, आधी आपल्या दाराशी टेप लावून पाहू. बाह्यरुग्ण विभागाच्या जुन्या इमारतीचे जोते ७५ सेंटिमीटर उंच आहे आणि तेथील रॅम्पची लांबी सहा मीटर भरली. म्हणजे १:८. ज्या रॅम्पबद्दल आम्ही तक्रार करणार होतो, त्याहून तो अधिक तीव्र निघाला. कठडाही एकाच बाजूस होता.

इतकी वर्षे हे आमच्या ध्यानात कसे आले नाही, याचा विचार करता उत्तर सापडले. रुग्णालयात खुर्ची ढकलतात ते आमचे तरुण सेवक. त्यांना त्रास होत नव्हता. ज्या नातेवाइकांना त्रास होत होता, ते धर्मादाय रुग्णालयात तक्रार कशी करावी, या संकोचाने बोलत नव्हते. ही आमची उणीव आम्ही येथे मोकळेपणाने नमूद करीत आहोत.

विश्वस्त मंडळाने नवीन रॅम्पच्या आराखड्यास मंजुरी दिली आहे. साडेचार मीटरचे दोन टप्पे, मध्ये दीड मीटर सपाट विसावा, दोन्ही बाजूंस कठडे, खरखरीत फरशी आणि वर पावसाचे छप्पर, असे त्याचे स्वरूप राहील. दोन्ही टप्पे मिळून चढ १:१२ होईल. त्यासाठी दारासमोरील वाहनतळाची काही जागा सोडावी लागेल. ती सोडण्याचे विश्वस्तांनी एकमताने मान्य केले. उद्यानास पत्रही पाठविले आहे. मात्र त्यात आमच्या रॅम्पचे मापही लिहिले आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या बाई आता शनिवारच्या नातेवाईक-प्रशिक्षण वर्गास येतात. खुर्ची उलटी फिरवून उतरण्याचा सराव त्यांनी रिकाम्या खुर्चीवर केला, मग वाळूच्या पिशव्या ठेवून केला आणि अखेरीस यजमानांना बसवून केला. परवा त्यांच्या यजमानांनीच, पक्षाघाताने जड झालेल्या जिभेने, पुढच्या सहलीची तारीख विचारली.

रॅम्पवर कोणाच्या नावाची पाटी लागली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याचे तिकडे फारसे लक्ष जाणार नाही. कारण चांगला रॅम्प लक्षात राहत नाही. त्यावरून माणूस सहज निघून जातो. आपल्या घराच्या, सोसायटीच्या अथवा दुकानाच्या पायऱ्यांपाशीही एकदा टेप लावून पाहावी, ही नम्र विनंती. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फूट लांबी हवी, एवढे गणित पुरेसे आहे.