डाकसेवकाच्या आजारपणाचे काय?

काचीगुड्याच्या पोस्टातून गावी धाडलेले पत्र दोघांच्या हातून जाते. शहरातला पोस्टमन हा खात्याचा नियमित नोकर. बांधापर्यंत पत्र आणणारा ग्रामीण डाकसेवक मात्र तसा धरला जात नाही. ऊन, पाऊस, पिसाळलेले कुत्रे दोघांनाही सारखेच. हक्क मात्र सारखे नाहीत.

पोस्टमनला वर्षाला ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धपगारी रजा मिळते. कामावर दुखापत झाल्यास रुग्णालयात असेपर्यंत आणि पुढे सहा महिने पूर्ण पगार, अशी तरतूद २०१८ पासून आहे. डाकसेवकाचा मेहनताना चार-पाच तासांच्या कामाचा. २०१८ च्या संपानंतर तो किमान १०,००० रुपये आणि महागाई भत्ता असा झाला. पगारी रजा वर्षाला २०.

तरी तो अगदीच निराधार नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात ठरविले, की असा सेवक नागरी पदावर असतो. बाजू मांडू दिल्याशिवाय त्याला काढता येत नाही.

म्हणून आम्ही सुचवितो: कामावर इजा झाली, तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवावे, प्रत जपावी आणि डॉक्टरांच्या दाखल्यात घटना कामावर घडल्याचे लिहून घ्यावे. कुत्रे चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस टोचून घ्यावी.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, डाकसेवक चार दिवस दिसला नाही, तर तक्रारीआधी त्याची विचारपूस करा. अर्ज लिहायला घरातले शिकलेले पोर पाठवा.