आधी शब्द, मग सूर!

‘द साउंड ऑफ म्युझिक’ सगळ्यांनाच आवडतो. पण तो लिहिणाऱ्या जोडीला नुसतं ‘गोड’ म्हणून सोडून देणं म्हणजे अन्याय आहे!

शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘डो-रे-मी’वर नाचलायत? रात्री जागून लिव्हरपूलची मॅच बघताना अख्खं स्टेडियम ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ गातं, ते ऐकलंय? मग अभिनंदन! न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका जबरदस्त जोडीशी तुमची ओळख आधीच झालीय. पहिलं गाणं त्यांच्या 1959 च्या नाटकातलं, दुसरं 1945 च्या. फुटबॉलवाल्यांनी ते उचललं 1963 मध्ये, एका लिव्हरपूलच्याच बँडने ते हिट केल्यावर.

जोडीचं नाव रॉजर्स अँड हॅमरस्टाइन. रिचर्ड रॉजर्स चाल लावायचे, ऑस्कर हॅमरस्टाइन गाणी लिहायचे. दोघांच्याही वडिलांचं नाव विल्यम, म्हणून स्वतःची म्युझिक कंपनी काढली तेव्हा नाव ठेवलं ‘विल्यमसन’!

लोणी घुसळणारी मावशी

1943 मध्ये ‘ओक्लाहोमा!’ आलं, तेव्हा हॅमरस्टाइन सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांची आधीची बरीच वर्षं फ्लॉपमध्ये गेली होती. रॉजर्सही वीसेक वर्षांच्या जुन्या पार्टनरपासून दूर झाले होते. करिअर संपलं असं वाटण्याच्या वयात दोघांनी नवा डाव मांडला.

तेव्हाच्या म्युझिकलमध्ये पडदा उघडला की नाचणाऱ्या मुलींचा ताफा येणार, हे ठरलेलंच. इथे काय? अंगणात एक बाई एकटीच लोणी घुसळत बसलीय आणि लांबून, विंगेतून, एका काउबॉयचा आवाज येतोय. सकाळ किती छान आहे, एवढंच तो सांगतोय. बस्स! त्या शोचे 2,212 प्रयोग झाले. हॅमरस्टाइननी मग ‘व्हरायटी’ साप्ताहिकात जाहिरात दिली. आपल्या यशाची नाही, तर आपल्या पाच फ्लॉप शोंच्या यादीची! असा माणूस आवडणार नाही तर काय?

खरी गंमत मात्र त्यांच्या कामाच्या पद्धतीत होती. जुन्या पार्टनरबरोबर रॉजर्स आधी चाल करायचे, मग त्यात शब्द बसायचे. इथे उलटं. हॅमरस्टाइन आधी शब्द लिहायचे, तेही पात्राच्या तोंडी शोभतील असेच. त्या सकाळच्या गाण्याला त्यांना तीन आठवडे लागले, रॉजर्सनी चाल लावली दहाएक मिनिटांत. ‘द किंग अँड आय’मधल्या एका गाण्यावर तर ते काही आठवडे झुरत होते. ते पाठवून कौतुकाची वाट बघत बसले. पार्टनरने फोनवर सांगितलं काय, तर ठीक आहे, जमतंय! ऑफिसातल्या बॉसची आठवण झाली ना? दोघं जिवलग मित्र कधीच नव्हते. पण एकमेकांच्या कामावर भरवसा पक्का.

गाण्याला काम असतं

आपल्या संगीत नाटकात लोक गायकासाठी जायचे. पद रंगलं की ‘वन्समोअर’, कथा थांबली तरी चालेल. या जोडीचं गणित वेगळं. गाणं संपलं की गोष्ट पुढे गेलेली असली पाहिजे.

‘कॅरोसेल’मध्ये बिलीला कळतं की तो बाप होणार आहे. तो सात-साडेसात मिनिटं एकटाच गातो. आधी मुलाची स्वप्नं, रुबाब, फुशारकी. मग अचानक डोक्यात येतं, अरे, मुलगी झाली तर? आणि या टवाळ माणसाला पहिल्यांदा जबाबदारीची भीती वाटते. पैसे हवेत, कसेही! गाणं सुरू होताना तो नुसता उनाड असतो, संपताना दरोड्याला तयार झालेला असतो. संवादात हे करायला दोन प्रवेश लागले असते.

ते गाणं काढणार नाही!

आणि आता ‘गोड’ म्हणणाऱ्यांसाठी. 1949 च्या ‘साउथ पॅसिफिक’मध्ये अमेरिकन नर्स नेली एका फ्रेंच मळेवाल्याच्या प्रेमात पडते. त्याच्या दिवंगत बायकोची मुलं समोर येतात. ती बायको पॉलिनेशियन होती, हे कळताच नेली मागे सरते. दुसरीकडे लेफ्टनंट केबलचं एका आशियाई मुलीवर प्रेम आहे, पण लग्नाचं धाडस होत नाही. तो चिडून एक छोटंसं गाणं म्हणतो. अर्थ साधा : द्वेष जन्मतः येत नाही, तो लहानपणी शिकवला जातो.

तेव्हा अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी होती. देशभरातली ती बंदी उठली 1967 मध्ये. गाणं काढून टाका, असं दोघांना सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला. नाटक त्या गाण्यासाठीच तर होतं! 1953 मध्ये जॉर्जियात काही आमदारांनी असल्या नाटकांवर कायद्याने बंदी आणायची भाषाही केली. नाटकाला मात्र 1950 चं पुलित्झर मिळालं होतं आणि 1,925 प्रयोग झाले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 1899 मध्ये देवलांच्या ‘संगीत शारदा’ने म्हाताऱ्याशी लावलेल्या लग्नाचा प्रश्न साध्या, बोलीतल्या पदांतून घराघरात नेला. आणि ‘सगळं ठीक आहे गं, पण घरचे मानणार नाहीत’ हे वाक्य तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ऐकलेलं असणारच. केबलचं दुखणं तेच आहे.

सगळं आज पटतं असं नाही. ‘कॅरोसेल’मध्ये नवऱ्याच्या मारहाणीला नको तेवढी माफी आहे. ‘द किंग अँड आय’मधला सयामचा राजा थायलंडला कधीच रुचला नाही. नऊ नाटकांपैकी तीन धड चालली नाहीत. पण ज्यांनी पडदा उघडताना गर्दीऐवजी एक मावशी बसवली, त्यांच्या चुकाही धाडसातूनच आल्या.

‘एडलवाइस’ हे हॅमरस्टाइन यांचं शेवटचं गाणं. कॅन्सरने 1960 मध्ये ते गेले. इतकं साधं गाणं, की अनेकांना ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वाटतं. गीतकाराला याहून मोठी दाद कोणती?

कुठून सुरुवात कराल?

- पहिला वीकएंड : ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (1965). पाच ऑस्कर. मे 2023 मध्ये याचं स्टेज म्युझिकल मुंबईत बीकेसीच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्येही झालं होतं. सिनेमा पाहिला असेल तरी यावेळी शब्दांकडे लक्ष द्या.
- दुसरा : ‘द किंग अँड आय’ (1956). युल ब्रिनरसाठी. स्टेजवर त्याने ही भूमिका 4,625 वेळा केली!
- मग : ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘साउथ पॅसिफिक’ची ब्रॉडवे रेकॉर्डिंग्ज, लोकलमध्ये, हेडफोन लावून.

फक्त एक करा, शफल बंद ठेवा. इथलं प्रत्येक गाणं आधीच्या गाण्याचं ऐकून बोलतं!