रस्त्याची गरज कशी मोजावी ?

रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजून पुढील गरजेचा अंदाज करावा, हें सकृद्दर्शनीं योग्य वाटतें. परंतु ओढ्यास पूल नसल्यामुळें जी गाडी घरींच उभी राहिली, ती कोणी मोजावी ?

१९४३ सालीं नागपूर येथें मुख्य इंजिनियरांच्या परिषदेनें २० वर्षांची रस्त्यांची योजना आंखली. तींत चाकें न मोजतां जमीन व गांवें हिशेबांत धरलीं होतीं. मोठ्या रस्त्यांकरितां लागवडीच्या दर ५ चौरस मैलांस १ मैल, बिनलागवडीच्या दर २० चौरस मैलांस १ मैल. खेड्यांच्या रस्त्यांकरितां ५०१ ते १,००० वस्तीच्या गांवास अर्धा मैल, २,००० पर्यंत १ मैल. शिवाय भावी वाढीसाठीं शेंकडा १५ अधिक, असा तो हिशेब होता.

पुढें १९७२ सालीं इंडियन रोड्स काँग्रेसनें वाहनमोजणीचे नियम केले. मोजणी वर्षांतून दोनदां, ७ दिवस अहोरात्र व त्यांपैकीं एकदां सुगीच्या दिवसांत करावी, असें त्यांत आहे. मोजणी ऐन सुगींत झाली कीं नाहीं, हें शेतकऱ्यांनीं अवश्य विचारावें.

तथापि अडून राहिलेला माल या मोजणींतही दिसत नाहीं. त्यासाठीं पीकपाहणीवरून प्रत्येक पिकाचे एकर घ्यावे, त्यांस एकरी उताऱ्यानें गुणावें, घरखर्च वजा करावा व विक्रीचा माल महिनेवार मांडावा. त्यास एका गाडीच्या भारानें भागिलें म्हणजे खेपांचा अंदाज निघतो. हा तक्ता ग्रामपंचायतीनें रस्त्याच्या मागणीअर्जास जोडावा. नुसत्या विनंतीपेक्षां आंकड्यांस उत्तर देणें कचेरीस भाग पडतें.