वाळलेल्या पानांची साक्ष

कोलकात्यासमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे १७८७ साली स्थापन झालेले वनस्पतिउद्यान आहे. तेथला अवाढव्य वड पाहण्यास माणसे लोटतात. पण त्याच आवारातील हर्बेरियमकडे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाकडे, सहसा कोणी फिरकत नाही. तेथे सुमारे वीस लाख नमुने आहेत. दाबून, सुकवून जाड कागदावर डकवलेली वनस्पती आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी : नाव, स्थळ, तारीख, गोळा करणारा कोण. कचेरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या चिठ्ठीचे मोल चटकन उमगते. तारीख नसलेला कागद आमच्याकडेही निरुपयोगीच असतो.

अशा नोंदींतून ज्ञात झालेली ॲल्ड्रोव्हांडा ही एक चिमुकली जलवनस्पती. तिला मुळे नसतात. जेमतेम वीतभर लांबीची ती संथ, स्वच्छ पाण्यात तरंगत असते. दांड्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पाने आणि प्रत्येक पानाच्या टोकाशी शिंपल्यासारखा एक सापळा. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव आतल्या केसांना लागला, की सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या सुमारास शिंपला मिटतो आणि भक्ष्य आतच पचते.

युरोपातील शास्त्राला हिची पहिली ओळख झाली ती भारतातील वनस्पतीवरून. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्लुकेनेट या वनस्पतिज्ञाने तिची नोंद केली. पुढे शिबपूर उद्यानाचे अधीक्षक डॉ. किंग यांनी कलकत्त्याजवळ गोळा केलेले वाळके नमुने चार्ल्स डार्विनला धाडले. डार्विन भारतात कधी आला नाही. तरीही, भारतीय वाण युरोपीय वाणापेक्षा ऑस्ट्रेलियन वाणाला अधिक जवळचा आहे, असे त्याने त्या वाळक्या पानांवरून १८७५ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले.

कलकत्त्यालगतची खारी सरोवरे हे या वनस्पतीचे भारतातील प्रसिद्ध स्थळ. १९६२ पासून हुगळीचा गाळ टाकून त्यांचा एक भाग बुजवण्यात आला. तेथे आज विधाननगर उभे आहे. मग भरावानेच वनस्पती नाहीशी झाली, असे म्हणावे काय? मला ते धाडसाचे वाटते. शहराचे सांडपाणी त्या दलदलीत फार आधीपासून जात होते, आणि ही वनस्पती घाण पाणी सोसत नाही. शिवाय नमुना मिळाला, म्हणजे वनस्पती होती एवढे सिद्ध होते. नमुना नाही, म्हणजे वनस्पती नव्हती, असे मात्र ठरत नाही. पाण्याखालची ही नाजूक हिरवी दोरी कित्येकांच्या नजरेतून सुटली असेल.

जुन्या नोंदी एकत्र करून अभ्यासकांनी जगभरातील तिची पावणेचारशेच्या वर स्थळे जमवली. त्यांपैकी पन्नासाच्या आसपास ठिकाणीच ती टिकून असल्याची खात्री पटली. ही तुलना शक्य झाली ती अशा जुन्या नोंदींमुळेच.

आजचा संग्राहक अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, शेजारच्या वनस्पती, सारे टिपून ठेवतो. पूर्वी पुष्कळदा ‘अमुक शहराजवळ’ एवढ्यावर भागत असे. तो जवळपणा किती कोसांचा, हे आता विचारावे तरी कोणाला?