परसत्तेखालील यहूदी धर्माधिकार आणि मशीहाची आशा

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात यरुशलेमाहून निघालेले याजक व लेवी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि तो कोण आहे याची चौकशी करतात. आपण ख्रिस्त नव्हे हे तो प्रथमच सांगून टाकतो. तेव्हा तो एलीया आहे काय, आणि एलीयाही नसेल तर तो येणारा संदेष्टा आहे काय, असे त्यास विचारण्यात येते. शास्त्रपाठाच्या तासास विद्यार्थी हा भाग झरझर वाचून पुढे जातात. परंतु येथे घटकाभर थांबणे अवश्य आहे. एकाच काळी एकाच राष्ट्राने तीन निरनिराळ्या पुरुषांची वाट का पाहावी? आणि ही चौकशी करावयास जे आले, त्यांना पाठविणाऱ्यांचा अधिकार तरी कोठून आलेला होता? या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, व ते सहा शतकांच्या परसत्तेत सापडते. त्याचाच एक दूरचा फाटा आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

'मशीहा' या इब्री शब्दाचा अर्थ केवळ 'अभिषिक्त' असा आहे. इस्राएलात राजाच्या व प्रमुख याजकाच्या मस्तकी तेल ओतून त्यास त्या पदावर स्थापीत असत. म्हणजे आरंभी हा शब्द भविष्यकाळाचा नसून चालू कारभाराचा होता. गादीवर बसलेला राजा तोच अभिषिक्त. इ. स. पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, दावीदाची गादी मोडली, आणि तेव्हापासून या शब्दाला जागा उरली नाही. जागा उरली नाही म्हणून तो पुढे भविष्याकडे सरकू लागला.

त्या सरकण्यातील पहिली पायरी मोठी चमत्कारिक आहे. इ. स. पू. 539 मध्ये पारसी राजा कोरेश याने बाबेल जिंकले व यहूद्यांना स्वदेशी परतण्यास मोकळीक दिली. यशयाच्या ग्रंथात या परधर्मी, परदेशी राजालाच परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे! पुढे जरुब्बाबेल हा दावीदवंशी अधिकारी व यहोशवा हा प्रमुख याजक या जोडीने मंदिराची उभारणी हाती घेतली. हाग्गय व जखऱ्या या संदेष्ट्यांनी त्यांना धीर दिला, आणि इ. स. पू. 515 च्या सुमारास मंदिर पूर्ण झाले. मात्र जरुब्बाबेलाचे नाव त्यानंतर इतिहासातून नाहीसे होते. राजवंशाचा माणूस गेला, याजक मात्र राहिला. संदेष्ट्यांची वाणीही कालांतराने थांबली, असे यहूदी लोक मानू लागले.

परराज्याला प्रमुख याजक सोयीचा वाटला यात नवल नाही. आपल्या मराठवाड्यातील वाचकांस हे उदाहरणाने सांगितले तर चटकन् पटेल. अहमदनगरची निजामशाही गेली, मोगल आले, मोगलांमागून आसफजाही आली व ती 1948 च्या सप्टेंबरपर्यंत राहिली. राज्ये बदलली तरी गावोगावचे देशमुख, देशपांडे व पाटील आपापली सनद नव्या धन्याकडून मंजूर करून घेत. वतन वाडवडिलांचे खरे, पण शिक्का दरबारचा. यरुशलेमचा प्रमुख याजकही असाच. त्याचे कुळ अहरोनाचे, परंतु त्याच्या पदाला संमती शुशनच्या, पुढे अंत्युखियाच्या, आणि अखेरीस रोमच्या दरबाराची. फरक इतकाच की वतनदार सारा गोळा करीत असे, आणि हा मनुष्य वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात जाऊन सर्व राष्ट्राच्या पापांसाठी प्रायश्चित्त करीत असे.

ज्याला दरबारची मंजुरी लागते, ते पद कधीतरी विक्रीस निघते. इ. स. पू. 175 मध्ये यासोन नावाच्या गृहस्थाने अंतियोख राजाला 360 तालांत रुपे व वर आणखी रक्कम कबूल करून आपल्या सख्ख्या भावाचे याजकपद मिळविले. तीन वर्षांनी मनेलाय याने त्यावर 300 तालांतांची चढ देऊन यासोनासच उठविले. पुढे अंतियोखाने मंदिर भ्रष्ट केले, मक्काबी बंधूंनी शस्त्र उचलले व इ. स. पू. 164 मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केले, ही कथा सर्वश्रुत आहे. मला स्वतःला त्या युद्धाहून नंतरच्या एका ठरावाचे अधिक महत्त्व वाटते. इ. स. पू. 140 मध्ये लोकांनी शिमोन मक्काबी यास पुढारी व प्रमुख याजक नेमले. पण त्याला कायमचे पद देतानाच, विश्वासू संदेष्टा उद्भवेपर्यंत, अशी अट त्यात घातली. विजयाच्या भरातही या लोकांनी आपल्या व्यवस्थेला तात्पुरती म्हटले. खरा निर्णय देणारा अजून यावयाचा आहे, ही जाणीव त्यांनी सरकारी कागदावर नमूद करून ठेवली.

इ. स. पू. 63 मध्ये रोमी सेनापती पाँपी यरुशलेमात शिरला. त्यानंतर रोमच्या आश्रयाने हेरोद राजा झाला. मक्काबी घराण्यातील अरिस्तोबुल या कोवळ्या तरुणास त्याने प्रमुख याजक केले, आणि लोक त्याच्यावर फार प्रेम करू लागले असे दिसताच यरीहोच्या वाड्यातील तळ्यात त्यास बुडवून मारविले. हेरोदापासून मंदिराच्या नाशापर्यंत एकंदर 28 प्रमुख याजक झाले, अशी गणना योसेफस या यहूदी इतिहासकाराने दिली आहे. पूर्वी जे पद मरेपर्यंत चालावयाचे, ते आता सुभेदाराच्या मर्जीने येत-जात होते.

योसेफसानेच सांगितलेली आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. प्रमुख याजकाची पवित्र वस्त्रे मंदिराशेजारच्या अंतोनिया किल्ल्यात, रोमी सैन्याच्या ताब्यात, मोहोरबंद ठेवलेली असत. सणाच्या सात दिवस आधी ती याजकांच्या हाती देत आणि सण आटोपताच परत घेत. ज्या पोशाखाविना तो परमेश्वरासमोर उभा राहू शकत नसे, तो पोशाख परकी अंमलदाराच्या कुलपात! ही वस्त्रे पुन्हा यहूद्यांच्या स्वाधीन झाली ती सुमारे इ. स. 36 मध्ये, आणि त्याच सुमारास कयफा पदच्युत झाला. म्हणजे प्रभू येशूच्या खटल्याच्या काळी कयफाची वस्त्रे रोमच्याच अधिकाराखाली होती. कयफा पदावर अठरा वर्षे टिकला. त्या धामधुमीच्या काळात इतकी वर्षे टिकणे हीच त्याच्या स्वभावाची साक्ष आहे. रोमी सैन्य येऊन मंदिरही जाईल व राष्ट्रही बुडेल, ही त्याच्या सभेची भीती खोटी नव्हती. पण ती भीती सनद सांभाळणाऱ्याची होती. म्हणून त्या खटल्याचा दोष जे सबंध यहूदी जातीवर लादतात, त्यांनी हा इतिहास वाचलेला नाही असेच म्हणावे लागते. असा दोष लादणारे आपल्या ख्रिस्ती मंडळीतही पुष्कळ झाले, आणि त्याचे फळ युरोपातील यहूद्यांना रक्ताने भोगावे लागले.

आता त्या तीन पुरुषांचा उलगडा होतो. दावीदाची गादी रिकामी, म्हणून दावीदाच्या पुत्राची, म्हणजे ख्रिस्ताची वाट. संदेष्ट्यांची वाणी थांबलेली, म्हणून मोशेसारख्या संदेष्ट्याची वाट. आणि परमेश्वराच्या दिवसापूर्वी एलीया येईल असे मलाखीने लिहून ठेवलेले, म्हणून त्याची वाट. याजकाची गादी मात्र भरलेली होती. पण ती ज्यांना भरलेली वाटत नव्हती असेही लोक होते. 1947 पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत जी चर्मपत्रे सापडली, त्यांत एका कडक व्रतस्थ मंडळाचे नियम आहेत. हे लोक संदेष्ट्याची आणि दोन अभिषिक्तांची वाट पाहत होते, एक इस्राएलाचा व एक अहरोनाचा. यरुशलेमात प्रमुख याजक असताना त्यांना खऱ्या याजकाची आशा करावी लागली, यापरते त्या पदाचे अधःपतन कोणते सांगावे!

इ. स. 70 मध्ये मंदिर जळाले व याजकपद संपले. योहानान बेन जक्काय प्रभृती शास्त्री यव्ने गावी जमले आणि वेदीच्या जागी अध्ययन आले. 132 मध्ये बार कोखबाने बंड उभारले. अकीबासारख्या थोर गुरूने त्यास मशीहा मानले, व 135 मध्ये ते बंड रोमने चिरडले. त्यानंतर शास्त्री लोक या आशेविषयी फार जपून बोलू लागले.

ज्या यहूद्यांजवळ राजा, याजक, संदेष्टा यांपैकी कोणीच नव्हते, आणि फार काळ शास्त्रग्रंथही नव्हता, त्यांचे काय झाले हे पाहावयास आपणास दूर जावयास नको. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल लोकांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले व त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. ते मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. अहरोनवंशी याजकांची घराणी त्यांच्यात परंपरेने नाहीत. इब्री भाषा विसरली होती. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध व 'शमा' ही प्रार्थना एवढे उरले होते. दावीद रहाबी नावाच्या यहूद्याने त्यांची परीक्षा कशी घेतली ती कथा प्रसिद्ध आहे. त्याने मासळी आणून स्त्रियांस रांधावयास दिली, तेव्हा त्यांनी पर व खवले नसलेले मासे वेगळे काढून ठेवले. मग त्याने तिघा जणांस शिकवून तयार केले. त्यांस 'काजी' म्हणू लागले. पुढे कंपनीच्या पलटणीतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले सभास्थान बांधले. काजी, मुकादम, मशीद हे शब्द सारे आसपासच्या राज्यांचे. धर्माधिकाराने येथेही परसत्तेचाच पोशाख घातला; मात्र त्याला कोणी कुलूप लावले नाही.

आमच्या मिशनांचाही येथे थोडा संबंध येतो. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी या लोकांसाठी शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीतून छापिले. हेतू त्यांना ख्रिस्ताकडे आणण्याचा होता. फारच थोडे आले. बाकीचे त्या व्याकरणाच्या व मराठी बायबलाच्या आधाराने अधिक चांगले यहूदी झाले. मला यात खेद वाटत नाही.

आणि आशा? ती या जमातीत एलीयाच्या नावाभोवती राहिली. लग्नकार्यापूर्वी, नवस फिटल्यावर, नव्या घरात जाताना ते 'मलिदा' करतात: गोड केलेले पोहे, ओले खोबरे, खजूर व फळे तबकात मांडून एलियाहू हन्नाबीचे इब्री गीत गातात. दावीदपुत्र मशीहाला घेऊन त्याने लवकर यावे अशी त्या गीतात विनवणी आहे. अलिबागेजवळ खंडाळा येथे खडकावर जी खूण आहे, ती एलियाहूच्या रथाची म्हणून ते दाखवितात, व तेथे यात्रेस जातात.

1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य बेने इस्रायल तिकडे गेले. तेथील मुख्य धर्मगुरूंनी 1960 नंतर त्यांच्या विवाहाच्या वेळी पूर्वजांच्या वंशाची चौकशी सुरू केली: हे लोक खरे यहूदी आहेत काय? मोठी निदर्शने झाली, आणि 1964 मध्ये ते सर्व बाबतींत यहूदी असल्याचे तेथील लोकसभेने व सरकारने जाहीर केले. लोद, रामला, बेरशेबा, दिमोना या शहरांतील मराठी घरांत आजही मलिद्याचे तबक मांडले जाते.