पाण्याच्या आया आणि वारुळातला नाग



श्रावण लागला की आपण भिंतीला जिवतीचा कागद लावतो. वर्षानुवर्षे लावतो, पण तो निरखून किती जणी पाहतो? त्यात लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका आहेत. नृसिंह आहे, बुध-बृहस्पती आहेत. आणि एका चौकटीत कृष्ण कालियाच्या फण्यावर उभा आहे. कालिया राहतो कुठे? यमुनेच्या डोहात. म्हणजे पोरांना जगवणारी आई, नाग आणि पाणी, तिन्ही एकाच कागदावर. ही तिन्ही एकत्र का येतात, ते आज बघू.

आपल्या मुळशी-मावळात नदीचा डोह, झरा, जुनी विहीर असली की काठाला शेंदूर लावलेले सात दगड सापडतात. त्या साती आसरा. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दापासून आला असे अभ्यासक सांगतात. पोथ्यांमध्ये त्यांची नावे दिली आहेत, मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी. सोप्या भाषेत मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी. डोहात जे जे जीव राहतात त्यांचीच ही नावे. म्हणजे आसरा पाण्यावर राज्य करायला बाहेरून आलेल्या नाहीत, त्या म्हणजे पाणीच.

या देवी साध्या नाहीत. त्या पाणी देतात, पिकाला ओल देतात, कूस उजवतात. पण रागावल्या तर माणूस ओढून नेतात, असे म्हणतात. म्हणून आपण त्यांना हिरव्या बांगड्या, खण, नारळ देऊन ओटी भरतो. माहेरवाशिणीची भरावी तशी.

इतिहासाचे मोठे अभ्यासक दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहत आणि आपल्या डोंगरांतून पायी हिंडत. वाडीवरच्या बायाबापड्यांना ते देवांची नावे विचारत. या भागात पाण्याच्या देवींना मावळाया म्हणतात, म्हणजे आयाच, हे त्यांनी नोंदवले. कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनांच्या काळच्या लेखात या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे येते. मावळ हे नाव या आयांवरूनच पडले असावे, असे कोसंबींनी मांडले. आपल्या मुलखाचे नावच आयांचे, ही केवढी गोष्ट!

आता नाग. नागाचा आणि पाण्याचा संबंध आपल्या शेतातच दिसतो. पाऊस पडला की बिळात पाणी शिरते आणि साप बाहेर येतात. भातखाचरात बेडूक होतात, बांधाला उंदीर असतात, त्यांच्या मागे साप येतो. साप दिसू लागले म्हणजे पाऊस आला, आणि पाऊस आला म्हणजे धान्य आले. वारुळाचेही तसेच. वाळवी वारूळ बांधते ते ओलसर माती वर आणून. सुमारे 1,500 वर्षांपूर्वी वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली. जमिनीखालचे पाणी कसे शोधावे यावर त्यात एक प्रकरण आहे, आणि अमुक झाडाजवळ वारूळ असेल तर पाणी कुठे लागेल हे त्यात सांगितले आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात तर वारूळ हीच देवी. तिला सातेरी म्हणतात. वारूळ म्हणजे भूमीचे पोट, आत ओल, आत नाग. पंचमीला आपण नांगर धरत नाही, खणत नाही, चिरत नाही, तवा ठेवत नाही, दिंडे उकडून खातो. नांगराखाली नागिणीची पिले मेली, मग तिने शेतकऱ्याचे घर डसले, आणि पाटावर नाग काढून पुजणाऱ्या त्याच्या लेकीमुळे सगळे पुन्हा जगले, ही कहाणी आपल्याला पाठ आहे. एक दिवस तरी जमिनीला आणि तिच्या पोटातल्या जिवांना त्रास देऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

अशा गोष्टी फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. दूर युरोपात केल्ट नावाचे लोक होते. त्यांच्या झऱ्यांच्या एका देवीचे नाव सिरोना. जर्मनीत तिची एक मूर्ती सापडली आहे. तिच्या हाताला साप वेढलेला आहे आणि दुसऱ्या हातातल्या वाडग्यात अंडी आहेत. झऱ्याचे पाणी आजार बरे करते आणि कूस भरते, असा तिथला विश्वास होता. इंग्लंडच्या उत्तरेला कोव्हेंटिना नावाच्या देवीचा झरा होता. 1876 साली तो उपसला तेव्हा 13 हजारांहून जास्त नाणी निघाली, शिवाय दागिने. लोकांनी ती देवीला वाहिलेली होती. स्कॉटलंडच्या डोंगरात 1 फेब्रुवारीला, संत ब्राइडच्या दिवशी, थंडी सरताना नागीण बिळातून बाहेर येते असे मानत. मी तुला दुखवणार नाही, तूही मला दुखवू नकोस, असा जणू करार त्या दिवशी होई. आपल्या पंचमीसारखाच.

आयर्लंडची बोआन हिची गोष्ट ऐका. एक विहीर होती, तिच्याजवळ जायला तिला मनाई होती. बोआन गेली आणि उलटी प्रदक्षिणा घातली. पाणी उसळले, तिचा पाठलाग करत समुद्रापर्यंत गेले. ती बुडाली, पण त्या वाटेची नदी झाली आणि नदीला तिचेच नाव मिळाले. शिक्षाही पाण्याने केली आणि देवीही पाण्यानेच केली.

आणि राजा आर्थरची गोष्ट. त्याची प्रसिद्ध तलवार त्याला तळ्यातल्या बाईने दिली. पाण्यातून एक हात वर आला, त्या हातात तलवार. राजा मरायला टेकला तेव्हा त्याने आपल्या सरदाराला सांगितले, ती तळ्यात टाकून ये. सरदाराला मोह झाला. दोनदा तो तलवार लपवून आला आणि टाकली म्हणून खोटे बोलला. तिसऱ्या वेळी खरोखर टाकली, तेव्हा पाण्यातून हात आला आणि तलवार आत घेऊन गेला. म्हणजे एवढ्या मोठ्या राजाचे बळसुद्धा पाण्याकडून उसने घेतलेले होते. उसने परत करावे लागते.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मुळशीत बसून ऐकताना धरणाची आठवण येतेच. 1921 साली आपल्या आज्या-पणज्या मुळा नदीच्या खोऱ्यात धरणाविरुद्ध उभ्या राहिल्या. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तरी धरण झाले, शेते आणि गावे पाण्याखाली गेली. पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला गेले आणि वीज मुंबईला गेली. ज्यांनी पाणी नेले त्यांनी डोहाला काय परत दिले, हा प्रश्न आसरांच्या वतीने आपणच विचारायला हवा.

कोकणच्या बाजूला, महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारत नाही. देवीच्या नावाने एक डोह वाचला. देवराया अशाच वाचल्या. पण आसरांच्या काठी आपण प्लास्टिकच्या पिशवीत ओटी सोडून आलो, तर ती ओटी कसली? खण-नारळ काठावर ठेवा, नंतर गरजू बाईला द्या. पाण्यात काही टाकू नका.

आता दोन गोष्टी अगदी काळजीने सांगते. बाळंतिणीला ताप आला, अंगावरून दुर्गंधीचे किंवा फार जास्त जाऊ लागले, ती सारखी रडू लागली, भलते बोलू लागली, तर ‘आसरा लागल्या’ म्हणून देवऋषीकडे दिवस घालवू नका. आशाताईला बोलवा, दवाखान्यात न्या. आसरा आया आहेत. लेकुरवाळीचा जीव त्या का घेतील?

दुसरे, सर्पदंश. आपल्या देशात दरवर्षी सरासरी 58 हजार लोक साप चावून मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक खेड्यातले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस सरकारी दवाखान्यात मिळते. साप चावला तर बांगड्या, जोडवी, अंगठ्या लगेच काढा, कारण सूज येते. हातपाय मोडल्यावर फळी बांधतात तसा तो भाग हलू देऊ नका. आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, मंत्र-पाला यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि फारसे दुखतही नाही, म्हणून मच्छरदाणी खोचून झोपा. सरपण, गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवा. आणि नाग दूध पीत नाही. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला दूध पाजणे म्हणजे त्याचा छळ. 1972 च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून ठेवणे हा गुन्हाही आहे. पाटावर काढलेला नाग पुजा, कहाणीतल्या लेकीने तेच केले होते.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढेच करा. गावातल्या आसरांच्या जागा कुठे कुठे आहेत ते म्हाताऱ्या बायांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, हे दोघींनी जाऊन विचारून या. भात लावणीच्या आधी.

पाण्याचे पाण्याला, जमिनीचे जमिनीला, आणि आपले आपल्या लेकरांना. पुन्हा भेटू. नमस्कार.